खानदेशात बसून चित्रांचं काम: पहिल्या फोनपासून शेवटच्या बिलापर्यंत

मी अमळनेरला राहते. पुस्तकांसाठी, मासिकांसाठी, शाळांच्या वाचनसाहित्यासाठी चित्रं काढते. काम देणारे बहुतेक पुण्या-मुंबईचे असतात. त्यांच्यापैकी अनेकांना मी अजून प्रत्यक्ष भेटलेले नाही. दर महिन्या-दोन महिन्यांनी चोपडा, शहादा, धुळे, पाचोरा अशा ठिकाणहून एखाद्या मुलीचा किंवा मुलाचा फोन येतो: "ताई, मला चित्रं चांगली काढता येतात. यावर घर चालतं का? सुरुवात कुठून करू?" प्रत्येकाला मी तासभर जे सांगते, ते इथे एका जागी लिहिलं आहे.

चित्र कसं काढायचं, हे यात सापडणार नाही. ते हातानेच शिकावं लागतं. काम आल्यापासून ते छापून येईपर्यंत आणि पैसे खात्यात पडेपर्यंत काय काय करायचं, तेवढंच यात आहे. इतक्या वर्षांत माझी जी कामं बिघडली, त्यातली रंगामुळे बिघडलेली फार थोडी. विचारायचा प्रश्न राहून गेला, वस्तू नीट पाहिली नाही किंवा अट तोंडीच राहिली, म्हणून बिघडलेलीच जास्त. त्यामुळे या तीन गोष्टींवर मी जास्त वेळ घालवणार आहे.

उन्हाशी जमवून घेतलेला दिवस

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ अंशांवर जातो. शहरातल्या चित्रकाराचं वेळापत्रक उचलून इथे चालत नाही. उन्हाळ्यात मी पहाटे पाचला बसते आणि साडेदहाला ब्रश खाली ठेवते. हे पाच-साडेपाच तास फक्त चित्राचे. त्या वेळात फोन दुसऱ्या खोलीत असतो. दुपारी बिलं, मेल, स्कॅनिंग, वाचन. संध्याकाळी उन्हं कलली की पुन्हा दीड-दोन तास, तेही कच्च्या रेखाटनासाठी. रंग दिव्याखाली लावायचे नाहीत, हा माझा नियम आहे. पिवळ्या दिव्याखाली लावलेला निळा सकाळी वेगळाच दिसतो.

जलरंगात काम करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. कोरड्या हवेत रंगाचा हात देता देताच कडा वाळते आणि मधोमध रेघ उमटते. मोठं आकाश किंवा जमीन रंगवायची असेल तर कागद दोन्ही बाजूंनी ओला करून पाटावर चिकटपट्टीने ताणून घ्या, रंग आधीच वाटीभर कालवून ठेवा आणि हातात असेल त्याहून एक नंबर मोठा ब्रश घ्या. कूलरसमोर मात्र अगदी उलटं होतं. त्याच्या दमट वाऱ्याने कागद फुगतो, शाई पसरते. मी चित्राच्या वेळी कूलर बंद करून पंख्याचा वेग कमी ठेवते. कूलर दुपारच्या कामासाठी. डिजिटल काम करणाऱ्यांनी टॅब्लेट खिडकीजवळ ठेवू नये, तापला की तो स्वतःच स्क्रीनचा उजेड कमी करतो आणि तुम्ही रंग चुकीचे निवडता. वीज जाणार हे गृहीत धरा. इन्व्हर्टर परवडत नसेल तर निदान लॅपटॉप रोज रात्री पूर्ण चार्ज करा आणि फाइल मोबाइलच्या इंटरनेटवरून पाठवता येईल इतका डेटा शिल्लक ठेवा.

घरातल्यांना आणि शेजारच्यांना हे काम आहे हे कळायला वेळ लागतो. दारात येऊन "काय करी ऱ्हायनी व माय?" असं विचारणाऱ्या मावशीला मी चित्र दाखवते, चहा देते आणि साडेदहानंतर यायला सांगते. दाराला वेळेची पाटी लावल्यापासून बराच फरक पडला.

पाहायची वही

हा भाग मी सगळ्यात वर ठेवते. पोर्टफोलिओच्याही, म्हणजे दाखवायच्या निवडक चित्रांच्याही वर.

शहरातून 'गावाचं चित्र' मागतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर उतरत्या कौलांचं घर, नारळाचं झाड आणि मागे हिरवे डोंगर असतात. ते कोकण आहे. आपल्या जुन्या गावांत धाब्याची घरं आहेत. सपाट मातीचं छत, त्यावर वाळत घातलेल्या डाळी-मिरच्या, उन्हाळ्याच्या रात्री तिथेच अंथरलेल्या गोधड्या. हे ज्याने पाहिलं तोच काढू शकतो, आणि म्हणूनच ते तुमच्याकडे मागायला येतील.

एक वही फक्त पाहण्यासाठी ठेवा. तीत सुंदर चित्र काढायचं नाही, माहिती काढायची. केळीचंच उदाहरण घ्या. रावेर-यावलकडे केळी डोळ्यांसमोर असते, तरी मी पाहिलेल्या दहांपैकी आठ चित्रांत घड उलटा असतो. घड खाली लोंबतो, पण त्यातली केळी वरच्या दिशेने वळलेली असतात. घडाच्या टोकाला जांभळट लाल केळफूल असतं, त्याला शेतकरी कमळ म्हणतात. बाग निसवायला, म्हणजे घड टाकायला लागली की ते कमळ आधी बाहेर येतं. पानं अखंड नसतात, वाऱ्याने शिरांच्या रेषेत फाटून त्यांच्या पट्ट्या झालेल्या असतात. बागेत ठिबकच्या काळ्या नळ्या जमिनीवर दिसतात. एवढं वहीत असलं की पुढे कधीही केळीची बाग चुकत नाही.

कापसाचंही तसंच. फूल पहिल्या दिवशी फिकट पिवळं असतं, नंतर गुलाबी होतं. एकाच झाडावर फूल, हिरवं बोंड आणि फुटलेला कापूस एकत्र दिसतो. वेचणाऱ्या बाईच्या कमरेला कापडाची ओटी बांधलेली असते, हातात टोपली नसते. तिचा हात कसा जातो, पाठ किती वाकते, हे फोटोवरून कळत नाही. बांधावर अर्धा तास बसा. आधी नमस्कार करा, आपण काय करतोय ते सांगा आणि काढलेलं त्यांना दाखवा. चूक तिथल्या तिथे कळते.

वहीत प्रत्येक रेखाटनाशेजारी महिना लिहा. वैशाखातलं शेत नांगरून उघडं पडलेलं असतं, काळी ढेकळं वर आलेली, आणि आकाश निळं नसतं, धुळीने पांढुरकं असतं. सावली पायाशी गोळा झालेली असते. पौषात तीच सावली लांब तिरकी पडते. नुसता महिना लिहिलेला असला की वर्षभराने रंगपेटी उघडताना अर्धं काम झालेलं असतं.

सातपुड्यातल्या पावरा-भिल्ल वस्त्यांबद्दल काढायचं असेल तर अधिक सांभाळून. होळीच्या वेळची सजावट, कमरेचे भोपळे, घुंगरू, मोरपिसांचे टोप याला त्या त्या समाजात अर्थ आहे, कोण घालतो आणि कोण नाही हेही ठरलेलं आहे. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या एखाद्या माणसाला विचारल्याशिवाय असं चित्र मी पुढे पाठवत नाही, आणि त्याच्या वेळेचे पैसे मानधनाच्या अंदाजात आधीच धरते.

१९३६ साली आपल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं ते पहिलंच. त्याची सजावट नंदलाल बोस यांनी केली होती आणि त्यासाठी बांबू, चटया असं जवळपास मिळणारं साहित्य वापरलं होतं. शांतिनिकेतनहून आलेल्या एवढ्या मोठ्या कलावंताने यावल तालुक्यात येऊन आधी इथे काय मिळतं ते पाहिलं. आपण तर इथेच राहतो.

दाखवायला काय ठेवायचं

पोर्टफोलिओत बारा ते पंधरा चित्रं पुरेत. देवांची, नटांची पोर्ट्रेटं, दुसऱ्याच्या शैलीत काढलेली चित्रं काढून टाका. संपादकाला तीन गोष्टी पाहायच्या असतात: एकच पात्र वेगवेगळ्या कोनांतून तेच वाटतं का, माणसं एकमेकांशी बोलताना दिसतात का, आणि चित्रात मजकुराला जागा सोडता येते का. काम मिळालेलं नसेल तर स्वतःच एक छोटी गोष्ट घ्या, आजीने सांगितलेली चालेल, आणि तिची सलग चार पानं करा. सुट्या वीस चित्रांपेक्षा ही चार पानं जास्त बोलतात.

मग मेल. पुस्तकाच्या श्रेयपानावर प्रकाशनाचा पत्ता असतो, तिथून सुरुवात करा. मेल पाच ओळींचा, सोबत पाच एमबीपेक्षा लहान पीडीएफ. दिवाळी अंकांची चित्रं साधारण जून ते ऑगस्टमध्ये वाटली जातात, त्यामुळे मेल मे महिन्यात जायला हवा. उत्तर आलं नाही तर महिन्याने एकदा विचारा, त्यानंतर सहा महिन्यांनी नवीन चित्रं घेऊन.

फोन आला की

"एक छोटंसं काम आहे" असं म्हणत फोन येतो. आनंदाच्या भरात लगेच हो म्हणू नका. "ऐकते, आणि संध्याकाळी मेलवर कळवते" एवढंच म्हणा. मग हे विचारून घ्या: चित्रं किती आणि कुठल्या आकाराची? पूर्ण पान, अर्धं पान की मजकुरातलं छोटं? रंगीत की एकरंगी? वाचणारं मूल किंवा माणूस किती वयाचं? मजकूर पक्का झालाय की अजून बदलणार आहे? छापील पुस्तक, ई-पुस्तक की दोन्ही? किती भाषांत? प्रती साधारण किती? मंजुरी कोण देणार, एक माणूस की समिती?

या शेवटच्या प्रश्नाला फार महत्त्व आहे. समिती असेल तर दुरुस्त्या दुप्पट होतात. एका कामात चार जण चार दिवशी चार वेगवेगळे मेल पाठवत होते आणि एकाने मागितलेला बदल दुसरा पूर्ववत करायला लावत होता. तेव्हापासून मी लिहूनच घेते की सगळ्या सूचना एकत्र करून एकाच व्यक्तीकडून येतील.

मजकूर पक्का नसेल तर काम सुरू करू नका. गोष्टीतला बैल पुढे रेडा झाला तर सोळा पानं पुन्हा काढावी लागतात.

दर कसा काढायचा

"बाकीचे किती घेतात?" असं सगळे विचारतात. बाकीच्यांचं घरभाडं वेगळं, हाताचा वेग वेगळा. दर स्वतःच्या आकड्यांवरून काढा. समजा घरखर्च, हप्ते, कागद-रंग, इंटरनेट, विजेचं बिल मिळून महिन्याला ३५,००० रुपये लागतात. वर्षाचे झाले ४,२०,०००. वर्षात दोन महिने काम नसणार हे धरून चला, उरले दहा महिने. महिन्यात पंचवीस दिवस, रोज प्रत्यक्ष चित्राचे चार तास, म्हणजे शंभर तास. दहा महिन्यांचे हजार तास. ४,२०,००० भागिले १,००० म्हणजे तासाला ४२० रुपये. एका पूर्ण रंगीत पानाला, कच्च्यापासून पक्क्यापर्यंत, तुम्हाला बारा तास लागत असतील तर ते पान ५,०४० रुपयांच्या खाली गेलं की तुम्ही पदरचे घालताय.

हा तळाचा आकडा झाला. शिलकीसाठी, आजारपणासाठी आणि हक्कांसाठी यावर चढवायचं. तास मोजल्याशिवाय यातलं काहीच जमत नाही, म्हणून पहिले सहा महिने प्रत्येक चित्राच्या मागे पेन्सिलीने तास लिहा. मला वाटायचं माझं मुखपृष्ठ आठ तासांत होतं. मोजलं तेव्हा एकोणीस निघाले.

समोरचा म्हणाला बजेट नाही, तर दर कमी करण्याऐवजी काम कमी करा. सोळा रंगीत पानांऐवजी आठ रंगीत आणि आठ एकरंगी. पार्श्वभूमी मोकळी. दोन दुरुस्त्यांऐवजी एक. गावातली शाळा, वाचनालय, शेतकऱ्यांचा गट यांच्यासाठी मी वर्षातून एखादं काम अगदी कमी पैशात करते, पण तेही लिहून आणि पूर्ण दर बिलात दाखवून, त्याखाली सवलत वेगळी दाखवते.

अटी कागदावर

एका प्रकाशकासाठी मी एक मुखपृष्ठ केलं होतं. दीड वर्षाने तेच चित्र एका दिनदर्शिकेवर दिसलं, माझ्या नावाशिवाय. विचारलं तर उत्तर आलं, "पैसे दिले होते ना?" माझ्याकडे कागद नव्हता. तेव्हा मी कायदा वाचायला घेतला.

प्रताधिकार म्हणजे कॉपीराइट, त्याचा कायदा १९५७ चा. चित्र काढणारा हा त्या चित्राच्या प्रताधिकाराचा पहिला मालक, हा सर्वसाधारण नियम. पण कलम १७ मध्ये एक अपवाद आहे, आणि तो आपल्यासाठीच आहे: कोणी मोबदला देऊन रंगचित्र किंवा व्यक्तिचित्र काढून घेतलं आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक काम देणारा ठरतो. म्हणजे गप्प बसलात तर हक्क तुमच्याकडे राहतील असं समजू नका. 'चित्रांचा प्रताधिकार चित्रकाराकडे राहील, प्रकाशनाला पुढील वापराची परवानगी दिली आहे' हे वाक्य करारात असायलाच हवं.

कलम १९ नुसार हक्क सोपवायचे तर लेखी आणि सही केलेलं हवं. मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरतं. म्हणून मुदत, प्रदेश, भाषा, छापील की डिजिटल, हे एकेक लिहा. दिनदर्शिका, टी-शर्ट, खेळणी यांना वेगळं मानधन लागेल, हेही. कलम ५७ तुमचं नाव लावून घेण्याचा आणि तुमच्या लौकिकाला बाधा येईल अशी मोडतोड थांबवण्याचा हक्क देतं. प्रताधिकार विकल्यानंतरही तो तुमच्याकडेच राहतो. चित्राचा प्रताधिकार चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. ही मालमत्ता आहे, आपल्या मुलांपर्यंत जाणारी.

वकिली भाषा लागत नाही. एक पानाचं साधं मराठी पत्र पुरतं: कामाचं वर्णन, रक्कम, हप्ते, तारखा, दुरुस्त्यांच्या फेऱ्या, वापराचे हक्क, नाव कुठे येईल, काम मध्येच थांबलं तर किती टक्के मिळतील. दोघांच्या सह्या. मी तीस टक्के आगाऊ, तीस टक्के कच्ची चित्रं मंजूर झाल्यावर आणि उरलेले चाळीस अंतिम फाइल देताना, असे हप्ते ठेवते. आगाऊ रक्कम आल्याशिवाय पेन्सिल उचलायची नाही. याला उद्धटपणा समजणारे फार थोडे भेटले. बहुतेक जण "हो, पाठवतो" एवढंच म्हणतात.

गोष्टीपासून पक्क्या चित्रापर्यंत

मागच्या एका कामाची वाट सांगते. आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाची गोष्ट होती. लग्न झालेली मोठी बहीण माहेरी येते, धाकटीला तिच्याआधी झोक्यावर बसायचं असतं. चोवीस पानांचं पुस्तक.

पहिले दोन दिवस नुसतं वाचन. मजकूर छापून घेते आणि तीन रंगांच्या पेन्सिली वापरते: दिसणाऱ्या वस्तूंना एक, भावनेच्या जागांना दुसरी, आणि मजकुरात नाही पण चित्रात सांगता येईल त्याला तिसरी. ही तिसरी पेन्सिल महत्त्वाची. मजकूर म्हणतो 'ताई आली', चित्रही तेवढंच दाखवत असेल तर ते नसलं तरी चालेल. मी दारामागून डोकावणारी, नवे कपडे मुद्दाम मळवलेली धाकटी काढली. तिचा रुसवा मजकुरात कुठेच नव्हता.

मग पानांचा नकाशा. मधोमध पिन मारलेलं पुस्तक चारच्या पटीत असतं, म्हणून चोवीस. पहिलं पान शीर्षकाचं, दुसरं श्रेयाचं, शेवटचं बहुधा मोकळं किंवा परिचयाचं. एका मोठ्या कागदावर काडेपेटीएवढ्या चौकटी काढून सगळं पुस्तक एका नजरेत बसवते. सगळी माणसं सारख्याच अंतरावरून दिसत असतील तर पुस्तक सपाट होतं. झोका वर जातो ते पान मी दोन्ही पानांवर पसरलं आणि खालच्या माणसांना मुंगीएवढं केलं. त्याच्या आधीचं पान मुद्दाम लहान आणि मोकळं ठेवलं.

काडेपेटीएवढी चित्रं प्रत्येक पानाची निदान चार. पहिलं सुचलेलं बहुधा सगळ्यांनाच सुचतं, तिसरं-चौथं आपलं असतं.

इथे मी एक चूक केली होती. झोका वडाला टांगला होता, बागेतल्यासारख्या साखळ्या आणि फळी. आजीला दाखवलं. तिने चष्मा सरकवला आणि म्हणाली, "आसा झोका ऱ्हास का कोठे?" आखाजीचा झोका निंबाला, म्हणजे कडुनिंबाला, आणि दोराचा. झाड बदलल्याबरोबर उजेड बदलला. वडाखाली दाट काळोखी सावली असते, निंबाची सावली चाळणीतून पडल्यासारखी, उन्हाच्या ठिपक्यांची. ते ठिपके मुलींच्या कपड्यांवर, हातांवर हलताना दाखवता आले आणि सगळ्या पुस्तकाचा धागाच सापडला. म्हणून कच्ची चित्रं ज्याने ते आयुष्य जगलंय अशा माणसाला दाखवा, संपादकाच्याही आधी.

उजेड समजत नसेल तर टेबलावर मांडून पाहा. शाडूच्या मातीची बोटभर माणसं, खोक्याचं घर, झाडाची फांदी, आणि वरून टॉर्च. चाळीसगावचे केकी मूस टेबलावर छोट्या वस्तू मांडून, त्यांच्यावर उजेड-सावली खेळवून छायाचित्रं काढत. 'टेबल-टॉप' छायाचित्रण म्हणतात त्याला. रेल्वे स्टेशनजवळच्या त्यांच्या घरात आता संग्रहालय आहे. तिथे एक दुपार काढा, उजेडाबद्दल बरंच काही कळेल.

त्यानंतर मूळ आकारातली कच्ची चित्रं, फक्त पेन्सिलीत, मजकुराच्या जागेसह. ती मेलवर मंजूर करून घ्यायची. पात्राच्या चेहऱ्याची, उंचीची एक तक्ता-पट्टी करायची. मग सगळ्या पुस्तकाचे रंग नखाएवढ्या ठिपक्यांत एका कागदावर लावून पाहायचे: सकाळ कुठे, दुपार कुठे, ताईच्या साडीचा रंग कुठल्या पानापर्यंत टिकतो. या पुस्तकात मी हिरवा फक्त निंबाला ठेवला. बाकी जमीन, भिंती, आकाश सगळं उन्हाने भाजलेलं. संपादकांनी विचारलं की शेत हिरवं का नाही, मुलांना हिरवं आवडतं. मी वैशाखातल्या वहीची पानं पाठवली. ते लगेच मान्य झालं. वहीचा असाही उपयोग होतो.

पक्कं चित्र या सगळ्याच्या शेवटी. तोपर्यंत निर्णय झालेले असतात, हात मोकळा चालतो. मी पुस्तक पहिल्या पानापासून रंगवत नाही. मधल्या सोप्या पानापासून सुरू करते, कारण पहिल्या दोन पानांत हात अजून बसत असतो आणि पुस्तक उघडणाऱ्याला तीच पानं आधी दिसतात.

दुरुस्त्या

दोन फेऱ्या मानधनात धरलेल्या, पुढच्या प्रत्येक फेरीला तासाचा दर. 'जरा अजून छान करा' अशी सूचना आली तर नेमकं विचारा: चेहरा, रंग की मांडणी? सूचना पटली नाही तर एकदा कारण देऊन सांगा, वहीतला पुरावा द्या. तरीही ऐकलं नाही आणि चूक वस्तुस्थितीची नसेल, तर करा. घड उलटा काढायला सांगितला तर करू नका.

छापखान्याची फाइल

ए-फोर पानाचा आकार २१० बाय २९७ मिलिमीटर. छापून झाल्यावर कडा कापतात, म्हणून चारही बाजूंनी तीन मिलिमीटर चित्र जास्त काढायचं, त्याला ब्लीड म्हणतात. म्हणजे कागद २१६ बाय ३०३ चा, आणि ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, २५५१ बाय ३५७९ पिक्सेल. नुसतं काळ्या रेषेचं काम असेल तर ६०० डीपीआय किंवा अधिक ठेवा, नाहीतर रेषा दातेरी छापते. चेहरा, हात, महत्त्वाची वस्तू कडेपासून निदान एक सेंटिमीटर आत. दोन पानांवर पसरलेल्या चित्रात मधल्या घडीवर चेहरा येऊ देऊ नका.

स्क्रीन लाल-हिरव्या-निळ्या उजेडात रंग दाखवते, छपाई निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या शाईत होते. भडक हिरवा, भगवा आणि विजेसारखा निळा छपाईत मावळतो. काम सुरू करतानाच या चार शायांचं, म्हणजे सीएमवायकेचं पूर्वदृश्य लावून पाहा. कागद कोणता हे विचारा: गुळगुळीत आर्टपेपरवर रंग उठून दिसतात, मॅपलिथो हा बिनचकाकीचा कागद शाई पितो आणि सगळं थोडं गडद होतं. मॅपलिथो असेल तर मी सावल्या मुद्दाम हलक्या ठेवते. अक्षरं चित्रात रंगवू नका, वेगळ्या थरावर द्या, कारण पुस्तक दुसऱ्या भाषेत जाऊ शकतं. अंतिम फाइल टिफ किंवा छपाईची पीडीएफ. व्हॉट्सअॅपवर चित्र म्हणून पाठवू नका, ते आकुंचन पावतं.

बिल आणि वसुली

बिलावर क्रमांक, तारीख, पॅन, बँकेचा तपशील, कामाचं वर्णन आणि वापराच्या हक्काची एक ओळ. संस्था बहुधा दहा टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच आयकर, कापतात. तो तुमच्या पॅनवर जमा झालाय का हे वर्षातून दोनदा तपासा, विवरणपत्र भरलं की जास्तीचा परत मिळतो. सेवेची वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. पहिल्या वर्षी तरी गावातल्या चांगल्या सीएकडे एकदा जाऊन या.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करा. सरकारी संकेतस्थळावर ती मोफत होते, पैसे मागणाऱ्या दलालाकडे जाऊ नका. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा २००६ नुसार नोंदलेल्या सूक्ष्म उद्योगाचं बिल करारात ठरलेल्या तारखेला, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढीने. मी बिलाच्या तळाला एवढीच ओळ छापते: 'उद्यम नोंदणीकृत. देय मुदत ३० दिवस.' त्यानंतर आठवणीचे मेल क्वचितच लिहावे लागले.

जपून ठेवणं

अजिंठ्याची भित्तिचित्रं पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर नकलून घेतली रॉबर्ट गिल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने. वर्षानुवर्षं तो त्या लेण्यांत काम करत होता. त्याची बहुतेक चित्रं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ठेवली होती आणि १८६६ च्या आगीत ती जळाली. पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या, त्यातल्याही अनेक १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीत गेल्या. गिल १८७९ मध्ये वारला, त्याची कबर भुसावळला आहे. कामासाठी भुसावळला गेले की मला ती आठवते.

म्हणून फाइल तीन ठिकाणी असावी: लॅपटॉपवर, बाहेरच्या हार्डडिस्कवर आणि इंटरनेटवरच्या साठ्यात. हार्डडिस्क आपल्याच घरात ठेवू नका. माझी धुळ्याला बहिणीच्या कपाटात असते, दर दोन महिन्यांनी एसटीने माझ्याकडे येते आणि नव्याने भरून परत जाते. मूळ चित्रं पावसाळ्याआधी बटर पेपरमध्ये गुंडाळून सपाट ठेवा, सुरळी करून नको. मूळ कागद प्रकाशनाला कधीच देऊ नका, द्यावाच लागला तर परत येण्याची तारीख लिहून घ्या.

करारात निदान पाच छापील प्रती मागा. प्रत हातात आली की ती दिवसाच्या उजेडात अंगणात घेऊन बसायचं, शेजारी मूळ चित्र ठेवायचं आणि पान पान ताडून पाहायचं. आखाजीच्या पुस्तकात निंबाचा हिरवा मला हवा त्यापेक्षा गडद आला होता आणि उन्हाचे ठिपके दोन पानांवर बुजले होते. कोणता रंग किती टक्क्यांनी हलका करायला हवा होता, ते मी वहीच्या शेवटच्या पानावर महिना घालून लिहून ठेवलं. एक प्रत आजीला दिली. तिने आधी झोक्याचं पान उघडलं आणि बोटाने दोर चाचपला.